फिर्यादीच्या दारात

लष्करातून मी हवालदार म्हणून निवृत्त झालो, पण आमच्या कुंडलच्या पट्ट्यात फौजेतून परत आलेला प्रत्येक जण मेजर असतो. तसा मीही मेजर. अनंत हे नाव आता फक्त पेन्शनच्या कागदावर उरलंय. वीस वर्षं फौजेच्या गाड्या चालवल्या, लेह म्हणू नका, तेजपूर म्हणू नका. घरी येऊन उसाकडे बघत बसलो, तर सहा महिन्यांत बायको म्हणाली, "आवं, कुठंतरी कामाला लागा. माझ्यावर हुकूम सोडत बसू नका." म्हणून आमदार शरयूताईंच्या गाडीवर लागलो. त्याला आता तीन वर्षं झाली.

पुढाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. गाडीत एक बोलायचं, गाडीतून उतरलं की दुसरं, हे मी लांबून बघत आलो होतो. ताई मूळच्या वाईच्या, वकिली सांगलीत केलेली, आवाज बारीक. ही बाई निवडून आली कशी, याचंच मला नवल वाटायचं. पहिल्या आठवड्यात गाडी काढली आणि विचारलं, "कुठं जायचं ताई?"

"तुरुंगात."

"कुणाचं कोण हाय आत?"

"कुणाचं कुणी नाही, म्हणूनच जायचं," ताई म्हणाल्या आणि वही उघडून बसल्या.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ही फेरी ठरलेली. आत कच्चे कैदी असतात, म्हणजे ज्यांचा खटला अजून उभा राहिलेला नाही, शिक्षा झालेली नाही, अशी माणसं. त्यातल्या कितीतरी जणांना कोर्टानं जामीन दिलेला असतो, पण बाहेर त्यांच्यासाठी सातबारा घेऊन उभा राहणारा कुणी नसतो. जामीनदार नाही म्हणून माणूस आतच. ताई एकेकाचं नाव, गाव आणि किती महिने झाले ते लिहून घ्यायच्या. आणि मग करायच्या ती गोष्ट मी कुठल्या पुढाऱ्याला करताना पाहिली नव्हती. त्या आरोपीच्या घरी जायच्या नाहीत. आधी फिर्यादीच्या दारात जायच्या.

पहिल्यांदा गेलो ते आष्ट्यात, एका भांडीवाल्याकडे. त्याच्या दुकानातले तांब्याचे दोन हंडे चोरीला गेले होते. मला वाटलं, आता ताई त्याला दम देणार. पण त्यांनी चपला काढल्या, खुर्ची नको म्हणाल्या आणि दुकानाच्या पायरीवर बसल्या. त्यांचे तीनच प्रश्न असायचे. काय गेलं? मिळालं का? आणि माणूस कुठं आहे? पहिल्या प्रश्नावर भांडीवाला अर्धा तास बोलला. ते हंडे त्याच्या आईच्या लग्नातले होते, हे त्याला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. तिसऱ्या प्रश्नावर तो गोंधळला. "कोण माणूस? तो व्हय? सुटला असंल की कवाच."

"एकोणीस महिने झाले, आतच आहे," ताई म्हणाल्या.

भांडीवाल्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं. त्या दिवशी त्यानं दुपारीच दुकान बंद केलं आणि त्या माणसाच्या जामिनासाठी आमच्याबरोबर वकिलाकडे आला.

परतताना मी गाडीत तोंड सोडलं. "काय माणसं हायती ताई! फिर्याद देत्यात आणि इसरून जात्यात. ह्यांना रात्रीची झोप तरी कशी लागती?"

"त्यांना कुणी सांगत नाही, मेजर. आपण ठोठावलं म्हणून कळलं," ताई एवढंच म्हणाल्या. मी मात्र घरी जाऊन बायकोलासुद्धा त्या भांडीवाल्याबद्दल चार शब्द सुनावले.

हे मुद्दाम आधी सांगतोय. पुढं काय झालं ते ऐकताना माझे हे शब्द ध्यानात ठेवा.

यंदाच्या अधिवेशनात ताईंनी स्वतःचं विधेयक मांडलं. मागणी साधीच होती: जामीनदार नाही एवढ्या एका कारणानं कुणी आत राहू नये, आणि आरोपी आत आहे की सुटला हे फिर्यादीला दर तीन महिन्यांनी कळवावं. बोलायला तीन मिनिटं मिळाली. मी वर गॅलरीत पास घेऊन बसलो होतो. ताईंनी भाषण केलंच नाही. यादी काढली आणि वाचायला लागल्या: नाव, गाव, किती महिने. पाचसहा नावं झाल्यावर खालून कुणीतरी ओरडलं, "ताई, त्यातल्या एकालाही मत देता येत नाही!" सभागृह खदखदून हसलं.

ताई थांबल्या. "अध्यक्ष महोदय, म्हणून तर मी उभी आहे," म्हणाल्या आणि पुढचं नाव वाचलं.

हसू विरत गेलं. घंटा वाजली तरी त्या वाचतच होत्या, तोच बारीक आवाज, घाई नाही की चढ नाही. विसाव्या नावाला एवढ्या मोठ्या सभागृहात कागद उलटल्याचा आवाज मला वर ऐकू आला. मी कधी उभा राहिलो आणि पाय जुळवून सावधानमध्ये ताठ झालो, मलाच कळलं नाही. रखवालदार आला आणि कानात म्हणाला, "खाली बसा." मोठमोठे जनरल मी जवळून पाहिलेत. पण बिनहत्यारी माणसाला इतक्यांसमोर असं उभं राहिलेलं मी तेव्हाच पाहिलं.

तेविसाव्या नावाला वेळ संपली. यादी एक्केचाळीस नावांची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईहून निघालो आणि शिरवळला चहाला थांबलो. उरलेली यादी ताईंनी माझ्याकडे दिली. हे नेहमीचंच. कुठली वस्ती कुठल्या रस्त्याला, हे मला ठाऊक असतं, मी खुणा करून द्यायचो. "फिर्यादींची नावं अजून नाहीत. दोन वाजता सांगलीत वकिलांकडे नकला मिळतील. मग ठरवू कुणाच्या दारात आधी जायचं," ताई म्हणाल्या.

मी वाचत एकतिसाव्या ओळीवर आलो. तायाप्पा, राहणार माळावरची वस्ती, कुंडल रस्ता. विहिरीवरची मोटार चोरली. चौदा महिने. जामीन मंजूर, जामीनदार नाही.

ती मोटार माझी होती.

आता सगळं सांगतो. माझी आणि माझा चुलत भाऊ गुंडा याची विहीर आणि तिच्यावरची मोटार सामायिक आहे. बांधावरून भांडण झालं, त्यानंतर नऊ वर्षं आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. पण ऊस काही भाऊबंदकी मानत नाही, त्याला पाणी लागतंच. तीन दिवस त्याची पाळी, तीन दिवस माझी. बोलणं बंद, म्हणून विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीतून आमचा कारभार चालतो. पेटीला चिंधी बांधली की पाळी तुझी. आत सुंभाचा तुकडा ठेवला की पाइप फुटलाय. जळकी तार ठेवली की मोटार जळली, वाइंडिंगला नेली. आणि दुसऱ्याच्या पाळीत पेटीला हात लावायचा नाही, हा नियम दोघांनीही कसोशीनं पाळला. एरवी दोघांनी कुठलाच नियम पाळला नसता.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या सुट्टीत मी विहिरीवर गेलो तर कट्ट्यावर मोटार नाही. गुंडाची पाळी होती, म्हणून पेटी उघडली नाही. डोकं भडकलं आणि तडक पोलिसांत गेलो. "कुणावर संशय?" असं विचारलं. आठ दिवसांपूर्वी तायाप्पानं विहिरीतला गाळ काढला होता. माळावरच्या पालात राहणारा माणूस, विहिरीची कामं करत हिंडणारा. मी त्याचं नाव सांगितलं. पोलिसांनी माझ्या शब्दावर त्याला उचललं. फौजी माणूस खोटं कशाला सांगेल?

ताईंना फोनवर मोटार गेल्याचं सांगून सुट्टी वाढवली, पण मोटारच नाही म्हणून विहिरीकडं फिरकलो नाही. सोळा दिवसांनी गेलो तर गुंडाच्या उसात पाणी पळत होतं. मोटार जागेवर होती. त्यानं ती आष्ट्याला नेऊन वाइंडिंग भरून आणली होती. माझी पाळी आल्यावर पेटी उघडली, तर आत जळकी तार. ती तिथं पहिल्या दिवसापासून होती.

मी ती तार उचलली आणि घरात देवळीत पाटीमागं टाकली. पोलिसांत जाऊन सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे गावभर व्हायचं, की मेजरनं न चोरलेल्या मोटारीची फिर्याद दिली. आणि गुंडासमोर मान खाली घालायची. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडा मी फडकवतो. म्हटलं, काही सापडलं नाही तर चार दिवसांत सोडतील त्याला. आणि मी कामावर परत आलो. अगदी भांडीवाल्यासारखं म्हणायचीही सोय नाही. त्याची निदान खरीच चोरी झाली होती; माझी मोटार गेलीच नव्हती, आणि ते मला ठाऊक होतं.

शिरवळहून गाडी निघाली. ताई मागे बसून कागदांवर खुणा करत होत्या. सातारा गेलं. दोन वाजता त्या नक्कल वाचणार आणि माझं नाव बघणार, हे मला ठाऊक होतं. तोवर गप्प बसता आलं असतं. "ताई, मला कुठं माहीत होतं," असं तोंड करून म्हणता आलं असतं, आणि त्यांनी विश्वासही ठेवला असता. हेच मला सोसेना. काल ती बाई सगळ्यांचं हसू अंगावर घेत नावं वाचत होती. एकतिसाव्या नावापर्यंत त्या पोहोचल्या असत्या, तर मी वर गॅलरीत सावधानमध्ये उभा असतो. मला माझीच लाज वाटली, आणि ती कराड मागं पडलं तरी कमी होईना.

पुढं आष्ट्याचा रस्ता सोडून मी ताकारीच्या रस्त्याला लागलो.

"मेजर, सांगलीला ना?" ताईंनी विचारलं.

"आधी एका फिर्यादीकडं जाऊ ताई. मला पत्ता म्हाईत हाय."

गाडी माझ्या अंगणात उभी केली. माझी बायको राजेश्वरी पदर सावरत बाहेर आली. ताई उतरल्या आणि इकडंतिकडं बघून म्हणाल्या, "हे तर तुमचं घर."

"व्हय ताई. फिर्यादीचं बी हेच हाय. यादीत एकतीस नंबर बघा."

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. मी रागाची वाट पाहिली. कर्नलसाहेबांच्या शिव्या खाल्लेला माणूस मी, तयारी होती. पण त्यांनी चपला काढल्या. राजेश्वरीनं खुर्ची आणली, ती नको म्हणाल्या. जोत्यावर बसल्या, वही उघडली आणि मला समोर बसायची खूण केली. भांडीवाल्याला विचारलं तसंच विचारलं, "काय गेलं होतं?"

"मोटार. पाच हॉर्सपॉवरची."

"मिळाली का?"

"मिळाली. चोरीला गेलीच नव्हती." मी देवळीतून तार आणून त्यांच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "सुट्टीवरनं आल्यावर तुमी इचारलं बी होतं, मेजर मोटार घावली का? मी घावली म्हणून सांगितलं."

ताईंचं पेन थांबलं.

"आठवतंय मला," त्या म्हणाल्या. "मी म्हणाले होते, बरं झालं. आणि फाइल उघडली. मेजर, मी गावोगाव परक्यांच्या दारात जाऊन तिसरा प्रश्न विचारते. माझ्या गाडीत, माझ्या पुढ्यात बसलेल्या फिर्यादीला तो विचारायचा राहिला. त्या दिवशी विचारला असता, तर हा माणूस तेरा महिने आधी घरी असता."

"ताई, चूक माझी हाय. तुमची कशी?"

"तुमची तुम्ही सांगितलीत. माझी मी सांगते." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग वर बघून विचारलं, "माणूस कुठं आहे?"

राजेश्वरी दारात उभी राहून ऐकत होती.

"आत हाय, ताई. माझ्यामुळं," मी म्हणालो.

साक्षीला गुंडा लागणार होता. ताई म्हणाल्या, "बोलवा त्यांना." मी म्हणालो, आम्ही बोलत नाही. "किती दिवस?" नऊ वर्षं. ताईंनी कपाळाला हात लावला. मी बांधावर गेलो. गुंडा खोऱ्यानं दार मोडून पाणी पुढच्या सरीत सोडत होता. नऊ वर्षांत पहिला शब्द काय काढावा, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

"गुंडा, तायाप्पा अजून आत हाय," मी म्हणालो.

त्याच्या हातातलं खोरं तसंच राहिलं. "आरं, मोटार आली तवाच तू फिर्याद मागं घेतली असशील असं वाटलं मला."

"इचारायचं तरी हुतंस."

"कुणाला? आपुन बोलतो व्हय?"

तो चिखलाच्या पायानंच आला. येताना घरातून वाइंडिंगवाल्याची पावती घेऊन आला. तारीख माझ्या फिर्यादीच्या आदल्या दिवसाची होती.

पोलीस ठाण्यात ताई आत आल्या नाहीत. बाहेर बाकावर बसल्या. "मी आत आले, तर तुमचा जबाब माझा होईल," म्हणाल्या. साहेबांनी मला दोनदा बजावलं, की हा जबाब दिला तर तुमच्यावरच गुन्हा दाखल होऊ शकतो. मी म्हणालो, लिहा. गुंडानं माझ्याखाली सही केली. आमच्या दोघांच्या सह्या एका कागदावर याआधी वाटणीपत्रावरच झाल्या होत्या, आणि तेव्हाही मारामारी झाली होती.

संध्याकाळी मी सरपंचांना जाऊन सांगितलं, की यंदा झेंड्याला दुसरा कुणी बघा.

कोर्टानं तायाप्पाला जातमुचलक्यावर सोडायचा हुकूम दिला, त्याला नऊ दिवस लागले. मधल्या काळात विधेयक पुन्हा चर्चेला आलं. पक्षातल्या लोकांनी ताईंना हात जोडले, की ही भानगड सभागृहात काढू नका, विरोधक फाडून खातील. त्या उभ्या राहिल्या आणि पहिलंच वाक्य हे बोलल्या, की चौदा महिने एक निर्दोष माणूस आत आहे, त्याची फिर्याद माझ्या गाडीतून माझ्याबरोबर फिरत होती आणि मी विचारलं नाही. माझं नाव घेतलं नाही. स्वतःचं घेतलं. दुसऱ्या दिवशी पेपरवाल्यांनी व्हायची ती थट्टा केली. विधेयक अजून समितीत पडून आहे. पण गेल्या महिन्यात दोन आमदारांनी, त्यातला एक तो मताचं ओरडलेला, ताईंकडून ते तीन प्रश्न लिहून नेले. अशी माणसं असतात यावर माझा आधी विश्वास नव्हता. आता मी रोज सकाळी ताईंची गाडी पुसतो आणि मनातल्या मनात सलाम करतो.

सुटकेच्या दिवशी सकाळी आम्ही तुरुंगाच्या दाराशी उभे होतो. तायाप्पाची बायको मनुबाई आधीपासून येऊन बसली होती. मी कोण हे तिला माहीत होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, आणि ते बरोबरच होतं. ताई गाडीत बसून राहिल्या. "आज तुमचं काम आहे," म्हणाल्या. मी चौदा महिन्यांची माफी पाठ करून आलो होतो.

दार उघडलं. तायाप्पा बाहेर आला, हातात कापडी पिशवी, केस पांढरे झालेले. आत त्याला एवढंच सांगितलं होतं, की तू सुटलास. त्यानं मनुबाईकडे पाहिलं, मग मला पाहिलं आणि ओळखलं. तो थेट माझ्याकडे चालत आला.

"मेजर," तो म्हणाला, "मोटार घावली का?"

पाठ केलेलं सगळं विसरलो.

"घावली," मी म्हणालो. "लय आधी घावली, गड्या."

त्यानं मान हलवली. "बरं झालं. मला तीच काळजी. ऐन वाढीच्या दिसांत ऊस पाण्याबिगर ऱ्हायला असंल म्हणून."

मी त्याचे पाय धरायला वाकलो.